डच जोडशब्दाचा विग्रह असा करा

कपाट जोडायला घेतलं, तर सूचनांच्या कागदावर लिहिलेलं: स्क्रू दोन 'क्वार्टस्लाखन' फिरवा. मी शब्द 'क्वार्ट्स-लाखन' असा तोडला आणि अर्थ निघाला गारगोटीचे थर. खरी फोड 'क्वार्ट-स्लाखन', म्हणजे पाव फेरे. दोन पाव फेरे, झाला अर्धा वळसा. अक्षरं तीच, 'स' कुणाच्या पदरात टाकायचा एवढाच प्रश्न. तेव्हापासून मी असे शब्द शाळेतल्या समासांसारखेच सोडवते.

सुरुवात शेपटाकडून करा. डच जोडशब्द बहुधा आपल्या तत्पुरुषासारखा असतो, मुख्य पद शेवटी. लिंगही त्याचंच, आणि ते नामाआधीच्या 'द' किंवा 'हेट' या उपपदावरून दिसतं. घर 'हेट हाउस', दार 'द ड्यूर', म्हणून घराचं दार 'द हाउसड्यूर'. एकवचनी अनोळखी शब्दाआधी 'द' आहे की 'हेट' ते पाहा. तुम्ही धरलेल्या शेवटच्या पदाशी ते जुळलं नाही, तर फोड पुन्हा करा. मधला 'स' कधीकधी नुसता सांधा असतो, त्याला अर्थ चिकटवू नका.

मग विभक्ती. 'ओलैफओली' हे ऑलिव्हचं तेल, पण 'बेबीओली' हे बाळासाठीचं. आपली हिंगगोळी हिंगाची आणि बाळगुटी बाळासाठी, तसंच. हे नातं शब्दात कुठेच लिहिलेलं नसतं, ते वाक्यातून कळतं. म्हणून मी 'वोर्डनबुक देर नेदरलांडसे टाल' हा थोरला कोश उघडते. पहिला भाग 1864 साली निघाला, काम पुरं झालं 1998 साली, आता इंटरनेटवर फुकट आहे. त्यात अर्थाखाली जुनी वाक्यं दिलेली असतात. मी आधी वाक्यं वाचते, अर्थ नंतर.

पहिलं पद मेलेलं असेल तिथे जास्त जपा. नेदरलँड्सच्या ड्रेन्थ प्रांतात प्रचंड दगडांची 52 प्राचीन थडगी आहेत. त्यांना म्हणतात 'ह्यूनेबेड'. 'बेड' म्हणजे बिछाना, यात वाद नाही. 'ह्यूने' ऐकून हूण आठवतात, पण थडगी सुमारे 5000 वर्षांपूर्वीची आणि हूण युरोपात आले इसवी सनाच्या चौथ्या शतकात. जुन्या भाषेत 'ह्यूने' म्हणजे महाकाय माणूस. राक्षसाचा बिछाना! मात्र या 'ह्यूने'चं मूळ हूणांच्या नावात की आणखी कुठे, यावर अभ्यासकांची मतं निराळी आहेत. माझ्या वहीत 'बेड'चा अर्थ शाईने लिहिलाय, 'राक्षस'ही शाईनेच. त्यापुढचा रकाना पेन्सिलीचा.