मेणवलीच्या घाटावर जलरंगातले पहिले निसर्गचित्र

प्रत्यक्ष जागेवर बसून चित्र काढायला शिकणाऱ्याने सुरुवात कोठून करावी, असे कोणी विचारले, तर मी वाईजवळच्या मेणवलीचे नाव घेतो. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेच्या पात्रात उतरणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, घाटावरची देवळे आणि १७३९ च्या वसईच्या विजयानंतर तिकडून आलेली मोठी पोर्तुगीज घंटा हे सारे तेथे काही पावलांच्या अंतरात आहे. मात्र नवशिक्याला पहिल्या दिवशी हीच समृद्धी जड जाते, कारण सगळेच एका कागदावर आणण्याचा मोह होतो.

म्हणून रंगाची पेटी उघडण्यापूर्वी अर्धा तास नुसते फिरावे. जाड पुठ्ठ्याला कागदाच्याच प्रमाणात चौकट कापून ती डोळ्यांसमोर धरावी आणि पायऱ्यांचा एखादा कोपरा, देवळाची एक बाजू व थोडे पाणी एवढेच निवडावे. त्यानंतर वहीत काड्यापेटीएवढी दोन-तीन रेखाटने करावीत. त्यांत बारकावे नकोत. उजेड, मधला टोन आणि गडद अशा तीनच पातळ्या पेन्सिलीने भराव्यात. डोळे किलकिले करून पाहिले की या पातळ्या आपोआप वेगळ्या दिसू लागतात.

बाहेर बसून आपण खरे म्हणजे त्या वेळेचा प्रकाश रंगवत असतो, हे पहिल्यापासून मनावर ठसवून घ्यावे. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. त्यामुळे सकाळी आठ वाजता पायऱ्यांवर पडलेली देवळाची सावली दहा वाजता त्याच आकाराची राहिलेली नसते. सुरुवातीलाच सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आखून घ्याव्यात आणि पुढे समोरची सावली कितीही सुंदर झाली तरी कागदावरची बदलू नये. अर्ध्या सावल्या आठच्या आणि अर्ध्या दहाच्या असलेले चित्र कितीही कौशल्याने रंगवले तरी खोटे दिसते. हिवाळ्यातल्या सकाळी सावल्या लांब आणि हवा थंड असल्यामुळे शिकण्यासाठी तोच काळ उत्तम.

साहित्य थोडेच असावे: ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), ११ × १५ इंच म्हणजे क्वार्टर इंपिरियल आकाराचा कागद, एक रुंद फ्लॅट ब्रश, टोक चांगले असलेला बारा नंबरचा गोल ब्रश, पाण्याची दोन भांडी आणि सहा-सात रंग. बसताना कागद सावलीत येईल अशी जागा शोधावी. उन्हात पांढरा कागद डोळ्यांवर येतो, रंग आहेत त्यापेक्षा फिके भासतात, आपण ते अधिकाधिक गडद करत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेले आढळते. उलट जलरंग वाळल्यावर फिके पडतात, त्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

दगड रंगवताना काळा रंग पेटीतच ठेवावा. अल्ट्रामरीन ब्ल्यू हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी यांच्या मिश्रणातून हवा तो राखाडी मिळतो. निळा वाढवला की तो थंड होतो, सिएना वाढवला की उबदार. घाटाच्या पायऱ्या नीट पाहाव्यात. सावलीतल्या पायरीच्या माथ्यावर आकाशाचा निळसर उजेड उतरलेला असतो, तर तिच्या उभ्या बाजूवर समोरच्या तापलेल्या दगडाची ऊब परतून येते. हा फरक कागदावर आला की दगडाला वजन येते; प्रत्येक सांधा काढत बसण्याची गरज राहत नाही.

शाळेत स्मृतिचित्रे काढून हात बसलेल्यांनी येथे विशेष सावध राहावे. ‘झाड’ म्हटले की हात सवयीने गोल हिरवा पुंजका काढतो आणि समोरचे झाड पाहायचेच राहून जाते. त्याचा बाह्याकार, फांद्यांतून दिसणारे आकाश आणि मुळाशी पडलेली सावली आधी टिपावी. पाने अगदी शेवटी, तीही मोजकीच.

रंगवण्याचा क्रम वरून खाली ठेवावा. आकाश आणि दूरचे डोंगर ओल्या कागदावर एका वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एका सलग थरात, घ्यावेत, तो वाळल्यावर उजेडातले मोठे आकार भरावेत आणि त्यानंतर सगळ्या सावल्या शक्यतो एकाच सलग वॉशमध्ये जोडून घ्याव्यात. पाण्यातले प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खाली येते. गडद वस्तूचे प्रतिबिंब किंचित उजळ आणि उजळ वस्तूचे किंचित गडद असते. माणसे घ्यायची असतील तर ब्रशच्या दोन-तीन ठिपक्यांत घ्यावीत, आणि घाटावर धुणे धुणाऱ्या किंवा स्नान करणाऱ्या मंडळींना आपल्या टक लावून पाहण्याचा संकोच होणार नाही, एवढे अंतर राखावे. रंगाचे पाणी नदीत ओतू नये. ते बाटलीत भरून परत आणावे.

दीड-दोन तासांत थांबावे. कागदाच्या मागे तारीख, वेळ आणि आपण कोठे बसलो होतो ते लिहावे. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी तिथल्या कोटितीर्थ तलावाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. तसेच आपणही पुढच्या आठवड्यात त्याच वेळी त्याच पायरीवर बसावे आणि या वेळी सावलीपासून सुरुवात करून पाहावी.