मैत्रिणी, कुत्री आणि गोधडी: एकत्र बसून कशी शिवावी

गोधडी एकटीनं शिवता येते, पण मुळात ते चार जणींनी मिळून करायचं काम आहे. सहा फुटी कापडाचे पाच-सहा थर जमिनीवर पसरायचे, ते सरकू द्यायचे नाहीत आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत धावदोरा घालत जायचा, याला हात लागतात. गावाकडे शेतीची कामं उरकली की उन्हाळ्यात आळीतल्या बायका ओसरीवर वाकळ पसरून बसत, ते याचसाठी. शहरात ओसरी गेली आणि फ्लॅटचा हॉल आला. बऱ्याच घरांत त्या हॉलवर आधीपासूनच एखाद्या कुत्र्याचा हक्क असतो.

माझं ठाम मत आहे की कुत्र्याला आतल्या खोलीत कोंडून गोधडीला बसू नये. ते दाराशी रडत राहतं, घरधनिणीचं अर्धं लक्ष तिकडे आणि टाके वेडेवाकडे. गोधडी जमिनीवरच होते आणि कुत्र्याचा सगळा दिवस जमिनीवरच जातो. तेव्हा दोघांची सोय एकदमच लावावी. ती कशी लावायची, ते क्रमानं सांगते.

कापड निवडा, धुवा, कापा

वापरून मऊ झालेलं सुती कापड घ्या: जुनी लुगडी, सुती साड्या, धोतरं, विरलेल्या चादरी. सिंथेटिक साडी घेऊ नका. ती थरांमधून निसटते, घाम शोषत नाही आणि सुईलाही दाद देत नाही.

हिशोब सोपा आहे. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर असते. तिचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे होतात, म्हणजे एका माणसाच्या गोधडीचे तीन थर. नऊवारी आठ मीटरच्या आसपास भरते, तिच्यातून चार थर निघतात. साडीचा पन्हा पावणेचार फुटांच्या जवळपास असतो, तीच गोधडीची रुंदी. एक नऊवारी आणि एखादी पाचवारी मिळून मध्यम जाडीची गोधडी आरामात होते. सर्वांत धडधाकट कापड वर आणि खाली लावा. विरलेलं, ठिगळ लावलेलं, डाग पडलेलं आत जाऊ द्या. धोतराचा थर मधे असला तर सुई फार हलकी चालते.

कापण्याआधी सगळं धुवून घ्या. खळ राहिली तर टाका घालताना बोटं दुखून येतात. गडद लाल, निळं, काळं कापड ओलं करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. रंग सुटत असेल तर ते बाजूला ठेवा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो या समजुतीवर अख्खी गोधडी पणाला लावू नका. जरीचा काठ टोचतो, तो कापून टाका. सुती काठ मात्र जपून ठेवा, शेवटी किनारीला लागतील.

घरात कुत्रं असेल तर धुण्याला आणखी एक कारण आहे. ट्रंकेतल्या जुन्या साड्यांच्या घड्यांत डांबरगोळ्या असतात आणि त्या कुत्र्यांना विषारी असतात. प्रत्येक घडी घराबाहेर उलगडा, गोळ्यांचे तुकडे शोधून काढा आणि कापड धुवून दोन-तीन उन्हं दाखवा. वास पूर्ण गेल्याशिवाय ते कापड हॉलमध्ये आणू नका.

बैठकीच्या दिवशी आधी कुत्र्यांना फिरवा

मैत्रिणींना बोलावताना कोण कुत्रं घेऊन येणार, ते आधी विचारून घ्या. कुणाला कुत्र्यांची भीती असेल तर तेही. जिला भीती वाटते तिला “काही करत नाही गं ते” असं म्हणून गप्प करू नका. तिला भिंतीकडची जागा द्या आणि कुत्र्याला साखळी लावून दुसऱ्या टोकाला बसवा. तासाभरानं तिनं स्वतः विचारलं तर पुढचं पाहावं.

पाहुणं कुत्रं थेट दारात आणू नये. घरातल्याला ते घुसखोर वाटतं. दोघांना खाली रस्त्यावर किंवा मोकळ्या मैदानात भेटवा. आधी थोडं अंतर राखून एकाच दिशेनं चालवा, साखळ्या सैल ठेवा, हुंगाहुंगी होऊ द्या. अंग सैल असेल, शेपटी मोकळी हलत असेल तर एकत्रच घरात शिरा. एखादं ताठ उभं राहून टक लावून पाहत असेल तर त्या दिवशी दोघांना वेगळं ठेवा. अर्धा-पाऊण तास चाललेली, भरपूर हुंगलेली कुत्री घरी येऊन पाणी पितात आणि आडवी होतात. गोधडीच्या बैठकीची सर्वांत मोठी तयारी हीच.

घरात आल्यावर त्यांना जागा दाखवा. पसरलेल्या कापडापासून चार हात लांब, पण तुम्ही दिसाल अशा ठिकाणी एक जुनी चादर घाला. शेजारी पाण्याचं भांडं ठेवा. जुन्या टॉवेलात सुका खाऊ पेरून टॉवेल गुंडाळून द्या, तो शोधण्यात बराच वेळ जातो. मात्र दोन कुत्री असतील तर दोन टॉवेल, आणि तेही दोन कोपऱ्यांत.

थर लावा आणि कच्चे टाके घाला

फरशी पुसून कोरडी करा. सर्वांत खालचा थर सुलट बाजू जमिनीकडे करून पसरा. चौघी चार कोपरे धरून ताणा आणि कोपऱ्यांवर वजनं ठेवा. पूर्वी वरवंटा नाहीतर भरलेला तांब्या असे, आता जाड पुस्तकंही चालतात. त्यावर एकेक थर पसरत जा. प्रत्येक थरावरून मधून कडेकडे हात फिरवा, चुणी राहू देऊ नका. आतली विरलेली जागा दर थराला वेगळ्या ठिकाणी येईल असं पाहा, म्हणजे गोधडी एकाच जागी पातळ पडत नाही.

नेमक्या याच वेळी कुत्रं येऊन मधोमध बसणार. नवीन पसरलेलं कापड आणि त्याला येणारा माणसांचा वास, एवढं त्याला पुरतं. ओरडू नका, ओढू नका. त्याच्या चादरीवर खाऊ टाका आणि हाक मारा. तिथं जाऊन बसलं की कौतुक करा. असं काही वेळा झालं की आपली जागा कुठली, ते त्याच्या ध्यानात येतं.

सगळे थर लागले की लांब-लांब कच्चे टाके घाला. आधी मध्यावरून उभी आणि आडवी ओळ, मग दर वीतभर अंतरावर. ही पायरी गाळायचा मोह होतो, पण चार जणी चार बाजूंनी शिवणार असतील तर ती हवीच. नाहीतर चौघींनी ढकललेलं कापड मधे जमतं आणि तिथं फुगवटा येतो, जो कितीही धुतला तरी जात नाही.

धावदोरा

गोधडीची लांब, मोठ्या नेढ्याची सुई आणि जाड सुती दोरा घ्या. दोरा हातभरच असावा. लांब घेतला की गुंततो, आणि लोंबता दोरा पाहून कुत्र्याच्या पिल्लाला खेळ सुचतो. दोऱ्यावरून मेणाचा तुकडा फिरवा, म्हणजे पीळ कमी पडतो. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. सहा थरांतून सुई ढकलायची तर त्याशिवाय भागत नाही.

गाठ थरांच्या आत ओढून घ्या. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. सुई सरळ खाली घालून खालच्या थरातून आली की नाही, ते डाव्या हाताच्या बोटानं चाचपत जा. एका वेळी तीन-चार टाके सुईवर घ्या आणि मग ओढा. दोरा इतका ताणू नका की कापड गोळा होईल.

दिशा दोन प्रकारच्या. काही जणी लांबीच्या सरळ ओळी घालतात. मला कडेकडून आत येणारी चौकोनी फेर जास्त आवडते, कारण चौघींना आपापली बाजू मिळते आणि सगळ्या हळूहळू मध्याकडे सरकतात. शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूर भागात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, तीही कडेपासून सुरू होऊन मध्याकडे जाते. कोपऱ्यांवर त्या घड्या घातलेल्या रंगीत चिंध्यांचे छोटे तुकडे लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. फुलाशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो. कुणाचा बारीक, कुणाचा सैल, कुणाचा उजवीकडे झुकलेला. मैत्रिणीचा टाका उसवून पुन्हा घालू नका. गोधडी वापरताना पुढे वर्षानुवर्षं ‘ही बाजू वहिनींची’ हे बोटांना कळतं, आणि मला तरी दुकानातल्या एकसारख्या रजईपेक्षा तेच मोलाचं वाटतं. जिला खाली बसवत नाही तिनं खुर्चीवर बसून ठिगळं कापावीत, सुया ओवून द्याव्यात. मावशी-आजीच्या वयाच्या बायका हे काम झपाझप करतात आणि गप्पांची सूत्रंही त्यांच्याच हातात राहतात.

सुया मोजा

बैठक सुरू होताना किती सुया काढल्या, ते एका कागदावर लिहा. उठताना तेवढ्याच परत आल्या पाहिजेत. चहाला उठताना सुई कापडात खोचून ठेवू नका, पिनकुशनमध्ये लावा आणि पिनकुशन टेबलावर ठेवा. दोऱ्याचे तुकडे टाकायला प्रत्येकीजवळ झाकणाचा डबा द्या. शेवटी फरशीवरून लोहचुंबक फिरवा.

एवढी काळजी का? कुत्र्यानं दोरा गिळला तर त्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकू शकतं. दुसरं टोक आतड्यांत पुढे सरकतं, आतडी त्या दोऱ्यावर चुण्या पडल्यासारखी गोळा होतात आणि दोरा त्यांना कापतो. टोकाला सुई असेल तर धोका आणखी वाढतो. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. पचेल, बाहेर पडेल म्हणून केळं किंवा भात भरवत थांबू नका. तडक पशुवैद्याकडे न्या. एक्स-रेमध्ये सुई दिसते, नुसता दोरा दिसत नाही, म्हणून काय गिळलं असावं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि तसाच दोरा सोबत न्या. कुणी गिळताना पाहिलं नसेल, पण बैठकीनंतरच्या दिवसांत कुत्रं वारंवार ओकत असेल, खात नसेल, पोटाला हात लावू देत नसेल, तरी हीच शंका आधी घ्या.

चहा आणि खाणं

कांदेपोहे होणारच, पण कांदा आणि लसूण कुत्र्यांच्या रक्तपेशींना घातक असतात. मनुके आणि द्राक्षं मूत्रपिंडांवर घाव घालतात. म्हणजे पोहे, मनुके घातलेला चिवडा आणि शिरा, चॉकलेटची बिस्किटं यातलं काहीही खाली ठेवू नका. ‘एवढंसं दिलं तर काय होतंय’ म्हणणारी एखादी काकू असतेच. तिच्या हाती उकडलेल्या गाजराचे तुकडे द्या, तिलाही देण्याचा आनंद मिळतो.

किनार

मधे पोचलात की कच्चे टाके उसवा. चारी कडा सारख्या कापा आणि बाजूला ठेवलेला सुती काठ दुमडून गोट लावा. हे काम एकीनंच करावं, कडा एकसारखी येते. एका बैठकीत गोधडी होत नाही. मधल्या दिवसांत ती गुंडाळून कपाटात वर ठेवा, सुया काढून.

उरलेल्या कापडातून कुत्र्याची गोधडी

कुत्रं पाय ताणून झोपलेलं असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत माप घ्या आणि वर अर्धा फूट धरा. मध्यम गावठी कुत्र्याला तीन फूट बाय अडीच फूट पुरते. चार थर ठेवा आणि मधे घरातल्या माणसाचा जुना, वापरलेला सुती टी-शर्ट घाला, त्या वासानं कुत्रं लवकर रुळतं. इथं ओळींमध्ये एकच बोट अंतर आणि टाका आणखी बारीक, कारण लांब टाक्यात नख अडकतं. बटणं, आरसे, गोंडे काही नकोत. म्हाताऱ्या कुत्र्याला जाड करा आणि खाली सतरंजी घाला, म्हणजे गुळगुळीत फरशीवर उठताना पाय घसरत नाहीत.

एकदम दोन शिवा, एक धुण्यात गेली तर दुसरी हवी. आठवड्याला गरम पाण्यात साध्या साबणानं धुवा, साबण पुरता निघेपर्यंत खळबळा आणि दोन्ही बाजू कडक उन्हात वाळवा. गोचिडांच्या दिवसांत हे चुकवू नका. माणसाची गोधडी ओली झाली की फार जड होते, ती एका दोरीवर टाकली तर मधोमध टाके तुटतात. दोन दोऱ्या हातभर अंतरानं बांधून त्यांवर पसरा. पूर्ण वाळल्यावर घडीत कडुलिंबाचा सुकलेला पाला घाला, डांबरगोळी नको.