कुत्र्यांमधील गोचीडताप : निदान आणि उपचारातील या चुका टाळा

ताप, मंदावलेली भूक आणि सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या मोजणीत) कमी आलेल्या प्लेटलेट या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की महाराष्ट्रातील बहुतेक लहान प्राण्यांच्या दवाखान्यांत केसपेपरवर ‘टिक फीवर’ असे लिहिले जाते आणि त्याच भेटीत डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू होते. हा अंदाज पुष्कळदा बरोबर निघतो, आणि म्हणूनच तो चुकतो तेव्हा लवकर लक्षात येत नाही. आपल्याकडे गोचिडीमार्फत कुत्र्याला होणाऱ्या आजारांत एर्लिकिया कॅनिस, अ‍ॅनाप्लाझ्मा प्लॅटिस, बबेसिया व्होगेली, बबेसिया गिब्सोनी आणि हेपॅटोझून कॅनिस हे पाच जंतू प्रामुख्याने आढळतात. यांपैकी केवळ पहिल्या दोघांवर डॉक्सीसायक्लिन हे मुख्य औषध आहे; उरलेल्या तिघांसाठी उपचार वेगळा लागतो.

स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थर) न पाहता औषध सुरू करणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. यंत्राने दिलेला प्लेटलेटचा आकडा हा अनेकदा प्रत्यक्ष संख्येपेक्षा कमी असतो, कारण रक्त काढताना सुई नीट लागली नाही किंवा नमुना लगेच हलवला गेला नाही तर प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या गुठळ्या मोजत नाही. स्मिअरच्या पिसासारख्या विरळ कडेला अशा गुठळ्या दिसल्या तर यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. गुठळ्या नसतील तर सूक्ष्मदर्शकाच्या तेलाच्या लेन्सखाली किमान दहा क्षेत्रांतील प्लेटलेट मोजून सरासरी काढावी. एका क्षेत्रात सरासरी 1 प्लेटलेट म्हणजे प्रति मायक्रोलिटर सुमारे 15,000, असा ढोबळ हिशेब धरता येतो. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलसारख्या जातींत मोठ्या आकाराच्या आणि संख्येने कमी प्लेटलेट जन्मतःच असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

बबेसियाच्या शोधासाठी कानाच्या टोकाचे केशवाहिनीतील रक्त घेतल्यास, विशेषतः मोठ्या आकाराच्या बबेसिया व्होगेलीच्या बाबतीत, परजीवी सापडण्याची शक्यता वाढते. व्होगेली लाल पेशीत नाशपतीच्या आकाराच्या जोडीने दिसतो, गिब्सोनी मात्र लहानशा अंगठीसारखा असतो आणि लिश्मन स्टेनचा साका किंवा स्लाइड ओली राहिल्याने पडलेले चमकदार ठिपके पाहून नवख्या डोळ्यांची सहज फसगत होते. फोकस वर-खाली केल्यावर जो ठिपका चमकतो किंवा पेशीच्या पातळीवर राहत नाही, तो परजीवी नव्हे. एर्लिकियाचे मोरुला (जंतूंचे पुंजके) मोनोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये फारच थोड्या रुग्णांत सापडतात, त्यामुळे ते न दिसल्याने आजार नाकारता येत नाही. बफी कोटचा (रक्तातील पांढऱ्या पेशींच्या थराचा) स्मिअर केल्यास शक्यता थोडी वाढते. हेपॅटोझूनचे लांबट गॅमॉन्ट (परजीवीची एक अवस्था) न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये मात्र स्पष्ट ओळखू येतात. निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांत डोसचे तक्ते भरपूर मिळतात, पण सूक्ष्मदर्शकावर बसवून शंभर स्लाइड दाखवणाऱ्या कार्यशाळा कमी असतात; निवड करायची झाल्यास सहकाऱ्यांनी अशा कार्यशाळेला प्राधान्य द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) आज करायचा नसला तरी औषधाचा पहिला डोस देण्यापूर्वी इडीटीएमधील (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या नळीतील) थोडे रक्त फ्रिजमध्ये राखून ठेवावे. डॉक्सीसायक्लिन सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात एर्लिकियाचा पीसीआर निगेटिव्ह आला, तर त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही.

किटचा अर्थ चुकीचा लावणे

दवाखान्यातील बहुतेक रॅपिड किट प्रतिपिंडे शोधतात, जंतू नव्हे. संसर्गाच्या पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडे तयार झालेली नसल्याने खऱ्या आजारातही किट निगेटिव्ह येऊ शकते, आणि यशस्वी उपचारानंतर ती अनेक महिने, कधी वर्षानुवर्षे, पॉझिटिव्ह राहू शकते. म्हणून 28 दिवसांचा कोर्स संपल्यावर ‘अजून लाइन येते’ एवढ्याच कारणाने पुन्हा महिनाभर डॉक्सीसायक्लिन देणे योग्य नाही. शिवाय अनेक किटमध्ये बबेसियाची तपासणी नसतेच. कोणत्या जंतूंची तपासणी होते हे माहितीपत्रकात वाचून घ्यावे.

गिब्सोनीला एर्लिकियासारखे वागवणे

कुत्र्याच्या हिरड्या फिकट आहेत, प्लीहा वाढलेली आहे, रक्तक्षय पुनरुत्पादक स्वरूपाचा (नव्या लाल पेशी तयार होत असलेला) आहे आणि डॉक्सीसायक्लिन देऊन तीन दिवस झाले तरी ताप उतरत नाही, असे चित्र दिसल्यास बबेसिया गिब्सोनीचा विचार करायलाच हवा. एर्लिकियाच्या तीव्र अवस्थेत डॉक्सीसायक्लिनचा प्रतिसाद साधारणतः 24 ते 72 तासांत दिसू लागतो. तो न दिसल्यास डोस वाढवण्याऐवजी निदान पुन्हा तपासावे.

इमिडोकार्ब व्होगेलीवर चांगले काम करते, 6.6 मिलिग्रॅम प्रति किलो या मात्रेत स्नायूतून 14 दिवसांच्या अंतराने दोनदा ते दिले जाते, आणि लाळ गळणे, उलटी व जुलाब टाळण्यासाठी आधी अ‍ॅट्रोपिन देणे हिताचे असते. गिब्सोनीमध्ये मात्र इमिडोकार्ब किंवा डायमिनाझीनने परजीवींची संख्या घटते, संसर्ग संपत नाही. डायमिनाझीनच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. गायी-म्हशींसाठी असलेल्या पाकिटातून द्रावण करताना लहान कुत्र्याला जास्त मात्रा सहज जाते, औषधाची सुरक्षिततेची मर्यादा अरुंद आहे, आणि एक ते तीन दिवसांनी तोल जाणे किंवा झटके अशी मेंदूची लक्षणे दिसू शकतात. मात्रा 3.5 मिलिग्रॅम प्रति किलो, एकदाच, आणि प्राण्याचे वजन अंदाजाने न धरता काट्यावर घेऊनच द्यावी.

गिब्सोनीसाठी अ‍ॅटोव्हाकोन 13.3 मिलिग्रॅम प्रति किलो दर 8 तासांनी आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन 10 मिलिग्रॅम प्रति किलो दिवसातून एकदा, हा 10 दिवसांचा उपचार प्रमाण मानला जातो. अ‍ॅटोव्हाकोन स्निग्ध अन्नासोबत दिले नाही तर ते नीट शोषले जात नाही, ही सूचना मालकाला लेखी द्यावी. प्रोग्वानिलसह मिळणारी माणसांची गोळी वापरल्यास उलट्यांचे प्रमाण वाढते. परजीवीच्या सायटोक्रोम बी जनुकातील बदलामुळे प्रतिरोधही आढळतो, तेव्हा क्लिंडामायसिन, डॉक्सीसायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल यांचा एकत्रित पर्याय वापरला जातो. मेट्रोनिडाझोल दीर्घकाळ देताना मेंदूच्या लक्षणांवर लक्ष ठेवावे. कुत्रा बरा दिसला म्हणून थांबू नये. उपचारानंतर सुमारे 60 आणि 90 दिवसांनी पीसीआर करून खात्री करावी. हा जंतू कुत्र्यांच्या भांडणातील चाव्यांतून, रक्तसंक्रमणातून आणि आईकडून पिल्लांनाही जातो, त्यामुळे रक्तदात्या कुत्र्याची पीसीआर तपासणी टाळणे ही अक्षम्य बाब आहे.

पहिल्याच दिवशी स्टेरॉइड

डेक्सामेथासोनच्या एका इंजेक्शनने ताप उतरतो, भूक लागते आणि मालक समाधानाने घरी जातो, परंतु त्यामुळे डॉक्सीसायक्लिनला खरा प्रतिसाद मिळाला की नाही हे समजण्याचा मार्ग बंद होतो. जीवघेणा रक्तस्राव असताना किंवा स्मिअरमध्ये स्फेरोसाइट (चेंडूसारख्या गोल झालेल्या लाल पेशी) आणि स्लाइडवर लाल पेशी एकमेकींना चिकटून गोळे होणे यांवरून प्रतिकारयंत्रणेमुळे रक्तपेशी नष्ट होत असल्याचे स्पष्ट असताना, विचारपूर्वक थोड्या काळासाठी प्रेडनिसोलोन देणे ही निराळी गोष्ट आहे.

पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस विसरणे

मुंबई आणि कोकणात जून ते सप्टेंबरमध्ये ताप, कावीळ, कमी प्लेटलेट आणि वाढलेले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक) असलेला कुत्रा आला तर अंगावर गोचिडी आहेत एवढ्यावर निदान थांबवू नये. डॉक्सीसायक्लिन दोन्ही आजारांत उपयोगी असल्याने गोंधळ झाकला जातो, पण लेप्टोस्पायरोसिस माणसालाही होतो, आणि निदान न झाल्यास लघवी साफ करणारे कर्मचारी व घरातील मुले हातमोज्यांशिवाय राहतात.

कोर्स आणि गोचीड नियंत्रण अर्धवट सोडणे

डॉक्सीसायक्लिन दिवसाला 10 मिलिग्रॅम प्रति किलो या मात्रेत पूर्ण 28 दिवस द्यावे, अन्न आणि पाण्यासह द्यावे, आणि सुक्राल्फेट, लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांपासून काही तासांचे अंतर ठेवावे. एर्लिकियाच्या रुग्णात लघवीतील प्रथिने तपासावीत. कारण तिथे मूत्रपिंडाची हानी शांतपणे होत असते.

तपकिरी गोचीड भिंतींच्या फटींत, चौकटींच्या मागे अंडी घालते, म्हणून केवळ कुत्र्याला फ्लुरालेनर किंवा अफॉक्सोलेनर देऊन घरातील गोचिडींकडे दुर्लक्ष केल्यास उपद्रव चालूच राहतो. झटक्यांचा पूर्वेतिहास असलेल्या कुत्र्याला आयसोझाझोलिन गटातील ही औषधे देण्यापूर्वी मालकाशी बोलून घ्यावे. घरात मांजर असल्यास पर्मेथ्रिनयुक्त औषध कुत्र्यावर वापरू नये, आणि मालकाच्या हाती गुरांसाठीचे डेल्टामेथ्रिन आधीच लागलेले नाही ना, हे त्याच भेटीत विचारून घ्यावे.