साताऱ्यातील शाळेने वसंतातील स्कीइंग सहल कशी आखावी

बर्फ कधीच न पाहिलेली तीस मुले हिमाचलात न्यायची असतील, तर निम्म्याहून अधिक काम साताऱ्यातच उरकलेले असावे.

प्रथम तारीख ठरवावी. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये असल्यास आठवी-नववीच्या मुलांना मार्चच्या पहिल्या आठवड्यात नेणे सोयीचे पडते. मनालीजवळचे सोलंग सुमारे २,५०० मीटर उंचीवर असून तेथील खालच्या उतारांवरचा बर्फ मार्च सरता सरता विरळ होतो. त्याहून उशिरा जायचे झाल्यास काश्मीरमधील गुलमर्गचा विचार करावा, कारण तिथे वरच्या उतारांवर तो अधिक टिकतो. मुख्याध्यापकांची व शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची लेखी संमती आणि दमा किंवा जुन्या दुखापतींची नोंद हे नेहमीच्या सहलीप्रमाणेच. वास्कोहून हजरत निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेस साताऱ्यावरूनच जाते. दिल्लीपासून पुढे बसने जावे आणि घाटातला प्रवास शक्यतो दिवसा करावा.

यानंतरचे काम क्षुल्लक वाटते, पण तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. प्रत्येक मुलाच्या पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी, कारण स्कीच्या बुटांचे माप त्याच हिशेबाने दिले जाते. उंची आणि वजनही नोंदवावे. बूट स्कीला जखडून ठेवणारे बाइंडिंग मूल पडताच सुटावे लागते आणि ते किती जोराला सुटावे, हे वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी व कौशल्य पाहून ठरवतात. ते फार घट्ट राहिले, तर पाय पिरगळतो. वर्गासमोर वजन विचारले, की मुले हमखास खोटे सांगतात, म्हणून एकेकाला बाजूला घेऊन काट्यावर उभे करावे. बुटात एकच लांब मोजा घालावा. थंडीच्या भीतीने दोन-दोन चढवले, तर पाऊल आवळून उलट अधिक गारठते.

निघण्यापूर्वी सहा आठवडे दर शनिवारी मुलांना अजिंक्यताऱ्यावर पायी न्यावे. चढण्याने दम वाढतो, पण स्कीइंगमध्ये मांड्यांवर जो ताण येतो, त्याची सवय सावकाश उतरण्यानेच होते.

मनालीत पोहोचल्यावर पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. पुढे सात-आठ मुलांमागे एक प्रशिक्षक घ्यावा आणि पहिल्या धड्यात कुशीवर पडणे, उठणे व स्कीची पुढची टोके जवळ आणून वेग रोखणे एवढेच शिकवायला सांगावे. वसंतातला बर्फ रात्री गोठून पहाटे काचेसारखा कडक असतो, उन्हाने साधारण दहाच्या सुमारास मऊ पडू लागतो आणि दुपारी त्याचा लगदा होऊन स्की रुतते व गुडघा मुरगळतो. म्हणून दहा ते एक हीच वेळ धरावी. दुपारच्या उन्हात तीव्र उतारांवरून हिमस्खलनाचा धोकाही वाढतो, तेव्हा त्यांच्या पायथ्याशी मुलांना खेळू देऊ नये.

ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी सुमारे ८० टक्क्यांपर्यंत किरण परतवतो. त्यामुळे आकाश ढगाळ असले तरी गॉगल काढू देऊ नये आणि सनस्क्रीन हनुवटीखाली व नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही लावावे; नेमके तिथेच ते विसरले जाते.

अखेरच्या दिवशी दमलेली मुले ‘सर, अजून एकदाच’ म्हणून मागे लागतील. तेव्हा नकार द्यावा आणि भाड्याचे बूट, स्की व काठ्या तिथेच मोजून परत कराव्यात.