माशीला हात लावायच्या आधी

भाच्याची आरमोररच्या, म्हणजे दलातल्या शस्त्रदुरुस्ती कारागिराच्या, ट्रेनिंगला निवड झाली. परवा रामबागेतल्या घरी आला तेव्हा म्हणाला, "मामा, बंदुका पुसण्यापलीकडे काय असतं हो त्यात?" दोनदा चहा झाला तरी माझं सांगून संपेना, म्हणून लिहूनच काढतोय.

मी आयटीआय फिटर. दलात लागलो तेव्हा कोतमध्ये, म्हणजे शस्त्रांच्या कोठारात, थ्री-नॉट-थ्री रायफलींच्या रांगा होत्या. १९०७ सालचा ली-एनफील्डचा नमुना, ईशापूरच्या कारखान्यात बनलेला. पहिल्याच महिन्यात मी एकीचं पुढचं लाकूड फोडलं. कुंदा, म्हणजे खांद्याला टेकवायचं मागचं लाकूड, हलत होता, म्हणून मागून लांब पेचकस घालून आतला बोल्ट फिरवला. त्या बोल्टचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत अडकलेलं असतं. बोल्ट फिरला की पट्टी फिरते आणि लाकूड चिरतं. कट्ट असा आवाज झाला. उस्ताद एवढंच म्हणाले, "आधी पुढचं लाकूड उतरवायचं, मग कुंदा." नुकसानभरपाई पगारातून गेली ती वेगळीच.

"ही रायफल मारत नाही," ही तक्रार तुमच्याकडे रोज येणार. ऐकून घ्या, पण टार्गेट मागा. पाचही गोळ्या रुपयाएवढ्या जागेत, पण भलतीकडेच लागल्या असतील तर दोष माशीचा (नळीच्या तोंडाशी नेम धरायला बसवलेला छोटा उंचवटा) किंवा मारणाऱ्याच्या सवयीचा. पाचही विखुरल्या असतील तर माशी सरकवून काही होत नाही, रायफल उघडावी लागते.

मला हे एका पावसाळ्यात कळलं. एका रायफलीच्या पहिल्या दोन गोळ्या जागच्या जागी, पुढच्या डावीकडे सरकत जायच्या. मी दोनदा माशी सरकवली आणि काडतुसं वाया घालवली. उस्तादांनी लाकूड उतरवलं, चिमणीवर धरून नळीला काजळी लावली, लाकूड पुन्हा बसवून पेच आवळले आणि परत उतरवलं. लाकडात नळी बसते त्या खाचेच्या उजव्या बाजूला बोटभर काळा डाग उमटला होता. पावसात लाकूड फुगलं होतं. नळी तापली की त्या जागी टेकायची आणि बाजूला रेटली जायची. डाग पडला तेवढंच खरवडायचं, एक केसही जास्त नाही. मग अळशीचं तेल मुरवायचं.

नळीला लाकूड कुठेच लागू नये असं मात्र नाही. या रायफलीत पुढे स्प्रिंगवर बसलेली एक खुंटी नळीला खालून वर रेटत असते. ती गंजून अडकली किंवा हरवली तरी ग्रुप फुटतो, म्हणजे गोळ्या विखुरतात. हरवलेल्या खुंट्या मी किती पाहिल्या म्हणून सांगू! साफसफाईत कुणीतरी झटकून टाकलेली असते. पुढचा ट्रिगर-गार्डचा पेच ढिला असला तर मग विचारूच नका, प्रत्येक गोळीगणिक सगळं अंग जागचं हलतं.

आता तोंड. नळीच्या तोंडाशी आटे (नळीच्या आतले पिळदार चर) गोल आणि सारखे हवेत. गोळी सुटता सुटता मागचा गॅस एका बाजूने आधी निसटला तर ती तिथेच डगमगते. आणि हे तोंड बिघडवतो कोण? आपलाच पुल-थ्रू, म्हणजे चिंधी बांधून नळीतून ओढायची साफसफाईची दोरी. दोरीला माती लागलेली, जवान ती तिरकी ओढतो आणि वर्षानुवर्षांत पोलादाला चर पडतो. रहाटाच्या दोरीने विहिरीचा दगड झिजतो तसा. म्हणून दोरी सरळ ओढायची, चिंधी ताजी घ्यायची.

जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याने नळीत मीठ राहतं. ते तेलात विरघळत नाही, गरम पाण्यातच जातं. मालव्यातल्या पावसात ते नुसतं तेल लावून ठेवलं तर लवकरच नळीत खड्डे. पाणी, कोरडी चिंधी, मग तेल. आणि मारण्याआधी तेल पुसून टाकायचं, नाहीतर पहिली गोळी हमखास वेगळीकडे जाते.



सगळं तपासून झालं, पाच गोळ्या एकत्र आल्या, की मग माशी. नवीन पोरं इथे हमखास उलटं करतात. गोळ्या उजवीकडे जात असतील तर माशीही उजवीकडेच सरकवायची. खाली जात असतील तर बुटकी माशी बसवायची.