आधी ऑक्सिजन सेन्सर, मग एक्झॉस्ट

न्यू जर्सीत चेक इंजिनचा दिवा पेटलेला असेल तर गाडी तपासणीत नापास होते. माझ्या जुन्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१३५ आला, म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं हीटर सर्किट. हा सेन्सर एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि हीटर त्याला गरम करतो. कोड दिसला की लगेच सेन्सर मागवू नका, आधी फ्यूज आणि वायर बघा. ते ठीक होतं. कनेक्टर सोडवून हीटरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावला. चांगल्या सेन्सरला काही ओहम दिसतात, इथे सर्किटच तुटलेलं.

जुना सेन्सर काढणं हे खरं कष्टाचं काम. रात्री गंज सोडवणारं तेल मारलं, सकाळी इंजिन थोडं गरम केलं आणि वायरसाठी खाच असलेला २२ मिलिमीटरचा सॉकेट लावला. जोर हळूहळू वाढवायचा, नाहीतर आटे जातात. नव्या सेन्सरच्या टोकाला ग्रीस किंवा सिलिकॉन अजिबात लागू देऊ नका.

मग कॅट-बॅक बसवला, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा पाइप आणि मफलर. कन्व्हर्टर काढणं अमेरिकेत बेकायदा आहे, आणि आवाजाच्या हौसेपायी दुसऱ्यांच्या श्वासात विष सोडणं मला पटतही नाही. पुढच्या सेन्सरजवळच्या जोडाचं गॅस्केटही बदललं, म्हणजे जोडातली फट बंद करणारी चकती. तिथे गळती असली की बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला पेट्रोल कमी वाटतं आणि कॉम्प्युटर उगाच जास्त सोडतो.

आता पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली होतो, कन्व्हर्टरच्या मागचा जवळपास स्थिर असतो. कोड पुसल्यावर मॉनिटर, म्हणजे कॉम्प्युटर स्वतः करतो त्या चाचण्या, पूर्ण होईपर्यंत गाडी चालवा, मगच तपासणीला न्या.