पुणे ते कन्याकुमारी गाडीने जाताय? मग या चुका टाळा

दरवर्षी दिवाळीच्या आधी ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, आम्ही गाडी घेऊन कन्याकुमारीला चाललोय, प्लॅन जरा बघून सांग. आणि प्लॅन बघितला की तो जवळपास सगळ्यांचा सारखाच असतो. पहिल्या दिवशी पुणे ते बंगळुरू, दुसऱ्या दिवशी मदुराई, तिसऱ्या दिवशी कन्याकुमारी, आणि मधे "जमलं तर" हम्पी, "जमलं तर" तंजावर. मी हा रस्ता दोनदा केलाय. पहिल्यांदा अगदी असाच केला होता, त्यामुळे यातलं काय काय फसतं ते नीट माहितीये.

सगळ्यात मोठी चूक तिथेच आहे, "जमलं तर" मधे. पुण्याहून कन्याकुमारी साधारण पंधराशे किलोमीटर. त्यातले ८४० बंगळुरूपर्यंतच जातात आणि रस्ता चांगला आहे म्हणून लोक ते एका दमात मारतात. आम्ही पण मारले. पहाटे चारला निघालो, दुपारी चित्रदुर्ग आलं, हायवेवरून किल्ल्याचे दगड दिसत होते, मुलं मागे झोपलेली, म्हटलं येताना बघू. संध्याकाळी सातला नेलमंगलाच्या ट्रॅफिकमधे शिरलो आणि हॉटेलवर पोचायला साडेनऊ झाले, दुसऱ्या दिवशी कुणी लवकर उठेना, मग सगळंच पुढे ढकललं गेलं. येताना चित्रदुर्ग रात्री लागलं. म्हणजे नाहीच बघितलं. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण हायवेपासून इतक्या जवळ असलेला, सात तटांचा, मोठमोठ्या शिळांच्या मधून वाटा काढत वर जाणारा दुसरा किल्ला या रस्त्यावर नाही. ओबव्वा ही पहारेकऱ्याची बायको जिथे मुसळ घेऊन उभी राहिली आणि हैदरअलीच्या सैनिकांना एकेक करून मारलं म्हणतात ती खिंडही तिथे दाखवतात. नीट बघायला तीन तास लागतात, आणि ते सकाळचे हवेत.

म्हणून आता मी उलटं करते. आधी थांबे ठरवायचे, प्रत्येक थांब्याला लागणारे तास लिहायचे आणि मग उरलेल्या वेळात गाडी चालवायची. मॅपवर सात तास दाखवले तर चहा, जेवण, टॉयलेट, पेट्रोल आणि टोल धरून ते नऊ होतात. सरासरी ताशी ५५ ते ६० धरा, त्यापेक्षा जास्त धरलंत तर रोज अंधारात पोचाल. थांबा असेल त्या दिवशी २५०-३०० किलोमीटर आणि नुसतं जायचं असेल त्या दिवशी ४५० च्या आत. घरात वयस्कर मंडळी असतील तर त्याहूनही कमी.

आमचा दुसऱ्या वेळचा प्लॅन असा होता. पहिल्या दिवशी हुबळी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हम्पी, तिथे दोन रात्री. मग चित्रदुर्ग बघून तुमकूरला मुक्काम. पुढे बंगळुरू बाहेरून टाळून कृष्णगिरीवरून तिरुवण्णामलै. सकाळी जिंजी आणि संध्याकाळी तंजावर, तिथे पण दोन रात्री. मग मदुराई, मग कन्याकुमारीला दोन रात्री. परत यायला तीन मुक्काम, सेलम, चित्रदुर्ग, कोल्हापूर. एकूण १४ दिवस. आता सगळ्यांकडे १४ दिवस नसतात हे कळतं. पण ९-१० दिवसच असतील तर माझं स्पष्ट मत आहे की कन्याकुमारी सोडा आणि तंजावरहून परत फिरा. लोकांना हे पटत नाही, टोकापर्यंत गेलो असं म्हणायचं असतं, पण त्या टोकासाठी जिंजी आणि तंजावर गाळून जाणं मराठी माणसाने तरी करू नये.

जिंजी बऱ्याच जणांच्या यादीतच नसते, कारण ती बंगळुरू-सेलम-मदुराई या सरळ रस्त्यावर नाही. ही दुसरी चूक. कृष्णगिरीला एनएच ४४ सोडून तिरुवण्णामलैचा रस्ता धरायचा, तिरुवण्णामलैपासून पुढे जेमतेम ४० किलोमीटर. महाराजांनी १६७७ मधे हा किल्ला घेतला, संभाजीराजांनंतर राजाराम महाराज १६८९ मधे इथे आले आणि मुघलांनी वेढा घालूनही किल्ला १६९८ पर्यंत पडला नाही. म्हणजे इतकी वर्षं मराठ्यांची राजधानी इथे होती, तामिळनाडूत! २०२५ मधे युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले त्यात महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. राजगिरीची, म्हणजे किल्ल्यातल्या मुख्य टेकडीची, चढण साधारण ८०० फूट, पायऱ्या आहेत पण उंच आहेत, अगदी वर एक खोल फट आहे आणि तिच्यावरच्या पुलावरून आत जायचं. सकाळी लवकर चढायला लागा, प्रत्येकी दोन लिटर पाणी घ्या, आणि माकडं फार आहेत म्हणून खायचं काही हातात धरू नका. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं, खालचा कल्याणमहाल आणि कोठारं पण बघण्यासारखी आहेत. अजून एक, तिरुवण्णामलैला पौर्णिमेला गिरिप्रदक्षिणेसाठी लाखो लोक येतात, तेव्हा खोली मिळत नाही आणि रस्ते पण वळवलेले असतात, त्यामुळे तारीख ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरमधे पौर्णिमा आधी बघा.

तंजावरला लोक बृहदीश्वराचं देऊळ तासाभरात बघून निघतात. भर दुपारी गेलात तर तासभर पण थांबवणार नाही, कारण चप्पल बाहेर काढावी लागते आणि अंगणातली फरशी अक्षरशः भाजते, जाड मोजे घेऊन जा. पण खरं म्हणजे संध्याकाळी चारनंतर जा. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेलं हे देऊळ, आणि त्याच्याच आवारात भिंतीवर १८०३ मधे सरफोजीराजांनी कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, मराठीत. बाबा तिथे चष्मा पुसून पुसून वाचत बसले होते, आम्ही नंदी बघून आलो, प्रदक्षिणा करून आलो, तरी ते तिथेच. शेजारचा तामिळ मुलगा विचारत होता की तुम्हाला हे वाचता येतं? दुसऱ्या दिवशी राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय. ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचे ढीग आहेत, आपल्याला बाहेरचं संग्रहालयच बघता येतं पण तेवढंही पुरे. फक्त सुट्टीचा वार आधी तपासा, आम्ही पहिल्यांदा नेमके त्याच दिवशी गेलो होतो.

आता तारखांची चूक. आपल्याकडे दिवाळीला पाऊस संपलेला असतो, हवा छान असते, म्हणून आपण निघतो. तामिळनाडूत तेव्हाच पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्यांचा ईशान्य मोसमी पाऊस, नोव्हेंबरमधे चक्रीवादळं पण येतात, आणि तंजावरचा सगळा भाग कावेरीचा त्रिभुज प्रदेश, तिथे पाणी साचतं. नोव्हेंबर ते मध्य जानेवारी शबरीमलैचा हंगाम असतो, अय्यप्पा भक्त कन्याकुमारीला पण येतात, खोल्यांचे भाव वाढतात. मग पोंगल. त्यामुळे पोंगल उरकल्यावर, म्हणजे जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारी हा माझ्या मते सगळ्यात चांगला काळ. शाळेच्या सुट्टीचा प्रश्न येतो, मान्य आहे. दिवाळीतच जायचं असेल तर कर्नाटकपुरतं करा ना, बदामी, पट्टदकल, हम्पी, चित्रदुर्ग, आठ दिवस मस्त जातात. हम्पीला दोन रात्री म्हणते ते उगाच नाही, विठ्ठल मंदिर सकाळी उघडल्या उघडल्या बघा, ५० च्या नोटेवरचा दगडी रथ तिथलाच, आणि पांडुरंगाची मूर्ती भानुदासांनी तिथून पंढरपूरला परत आणली ही वारकऱ्यांची परंपरा आईला माहीत होती, ती त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर बराच वेळ उभी होती.

दावणगेरेला थांबणार असाल तर बेण्णे डोसा खाच, आणि वेळ असेल तर तिथून तासा-दीड तासावर होदिगेरेला शहाजीराजांची समाधी आहे. साधी आहे, फलक बघत जावं लागतं, पण जा.

देवळांच्या वेळा हा वेगळाच विषय. आपल्याकडची देवळं दिवसभर उघडी असतात त्यामुळे डोक्यात येतच नाही, पण तामिळनाडूत बहुतेक मोठी देवळं दुपारी साडेबाराच्या आसपास बंद होतात आणि चारला उघडतात. मदुराईला साडेबाराला पोचलात तर साडेतीन तास वाया. त्या वेळात गाडी चालवा किंवा जेवा. जेवणाचं पण तसंच, केळीच्या पानावरचे मील्स दुपारी साडेतीनपर्यंतच मिळतात, नंतर डोसा-इडलीच. मीनाक्षीच्या देवळात मोबाईल चालत नाही, बाहेर काउंटरवर ठेवावा लागतो, रांग असते, तो अर्धा तास धरा. मदुराईत देवळाजवळचं लॉज बुक करताना "पार्किंग आहे" एवढ्यावर विसंबू नका. आम्हाला पार्किंग आहे सांगितलं होतं, ते निघालं एक किलोमीटर लांब, रस्त्याच्या कडेला, सामान हातात घेऊन चालत आलो. फोन करून विचारा की गाडी लॉजच्या दारात येते का आणि रात्रभर कुठे उभी राहते. आणि तिकडे पाटीवर नुसतं "हॉटेल" असेल तर ते खायचं ठिकाण असतं, राहायचं असेल तर लॉज किंवा रेसिडेन्सी बघा. "मिलिटरी हॉटेल" म्हणजे मांसाहारी.

आता गाडी. सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका, दहा दिवस आधी करा म्हणजे काही राहिलं असेल तर गावातल्या गावात कळतं. आमच्या स्टेपनीत हवा आहे का ते बघायला सांगितलं होतं, बघितलं म्हणाले, आणि कोविलपट्टीच्या पुढे पंक्चर झाल्यावर स्टेपनी काढली तर चपटी. ऊन, मोठे ट्रक शेजारून जातायत, दोन तास गेले. तेव्हापासून मी स्टेपनी स्वतः काढून हवा मोजते आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत असतो. टायरवर चार आकडे असतात ते पण वाचा, २३२१ म्हणजे २०२१ च्या २३ व्या आठवड्यातला टायर, पाच-सहा वर्षांपुढचा असेल तर नक्षी चांगली दिसली तरी लांब नेऊ नका. हवा सकाळी टायर गार असताना भरा, दाराच्या चौकटीवर पूर्ण भाराचा आकडा दिलेला असतो तो धरा. पन्नास किलोमीटर पळवल्यावर मोजली तर तीन-चार पॉइंट जास्त दाखवते, ती जास्त झाली म्हणून काढू नका, गार झाल्यावर कमी पडेल.

इंजिनचा काटा वर चढायला लागला तर एसी बंद, हीटर फुल, गाडी बाजूला घ्या. उकडेल पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडायचं नाही, अर्धा-पाऊण तास थांबा. सेलममार्गे जाणाऱ्यांनी धर्मपुरीच्या पुढे तोप्पूर घाटात जपा, लांबलचक उतार आहे आणि तिथे ट्रकचे ब्रेक निकामी होऊन खूप अपघात झालेत. खालचा गिअर टाका, सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, जळल्यासारखा वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबा, आणि ट्रकच्या पुढे फार वेळ राहू नका.

फास्टॅगमधे कमी पैसे ठेवून टोलनाक्यावर आल्यावर रिचार्ज करणारे खूप आहेत. ते लगेच अपडेट होत नाही, मग यूपीआयने सव्वापट भरावे लागतात. केवायसी पण निघायच्या आधी तपासा. वार्षिक पास (२०२५ मधे सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांचा होता) घेतलात तर २०० फेऱ्या मिळतात आणि एवढ्या प्रवासात बरेच पैसे वाचतात, पण तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर किंवा बंगळुरूच्या नाइस रोडवर नाही, त्यामुळे टॅगमधे थोडे पैसे राहू द्या. हायवेवर काही झालं तर १०३३, हा नंबर सगळ्यांच्या फोनमधे सेव्ह करा, फक्त ड्रायव्हरच्या नको.

रात्री चालवू नका हे सगळे सांगतात, कारण मात्र सांगत नाहीत. कडेला दिवे न लावता उभे असलेले ट्रक हे एक, आणि जानेवारी-फेब्रुवारीत दिंडीगुल-मदुराई भागात पळणीच्या मुरुगनला चालत जाणारे हजारो भाविक हे दुसरं. रस्त्याच्या कडेने, अंधारात, लहान मुलं घेऊन चाललेले असतात. सूर्य मावळायच्या आत मुक्कामी, हा आमचा घरचा नियम आहे. दुपारी दोन ते चार पण झोप येते, जेवण झाल्यावर वीस मिनिटं गाडीतच डोळे मिटा.

तिरुनेलवेलीच्या पुढे आरलवायमोळीला पवनचक्क्या सुरू होतात. फोटो काढा पण वर कॅरिअरला सामान बांधलं असेल तर आधी दोऱ्या तपासा, वारा बाजूने मारतो आणि गाडी ओढल्यासारखी वाटते, वेग ७० च्या खाली आणा. आणि कन्याकुमारीला त्याच दिवशी विवेकानंद शिला बघायची घाई करू नका. बोटी दुपारी चारच्या सुमारास बंद होतात, समुद्र खवळला तर आधीच थांबवतात, आणि रांगेतच तास-दीड तास जातो. अमरावती जिल्ह्यातल्या एकनाथजी रानडेंनी उभं केलेलं ते स्मारक आहे, १९७० चं, शेजारी १३३ फुटांचा तिरुवल्लुवरांचा पुतळा, आणि दोन्हींना जोडणारा काचेचा पूल २०२४ च्या डिसेंबरात झाला. पोचल्या दिवशी नुसता सूर्यास्त बघा, झोपा, दुसऱ्या दिवशी सूर्योदय बघून नाश्ता न करता सरळ बोटीच्या रांगेत उभे राहा. आम्ही पावणेआठच्या आत रांगेत होतो, पहिल्या काही बोटींतच नंबर लागला.